नमुन्याची बाटली

माझ्या आतल्या द्रवाची पातळी मानेपासून बोटभर खाली आहे. पूर्वी ती जिथे होती, तिथे काचेवर फिकट तपकिरी कडे उरले आहे. मित्रांनो, मी कॉफीच्या वासाच्या परफ्यूमची एक जुनी बाटली आहे, आणि मी नेमकी कशी आहे याबद्दल माझाच गोंधळ उडाला आहे.

माझा जन्म दुकानामागच्या छोट्या खोलीत झाला. तिथे दोघी बहिणी काम करतात. मोठी मिश्रण करते, धाकटी विकते. मोठी भाजलेल्या कॉफीच्या बिया मद्यार्कात भिजवून अर्क काढी. बाकी सारे काट्यावर तोलून, पण व्हॅनिलाचे शेवटचे थेंब ती नाकाने ठरवी. मी मनासारखी जमले तेव्हा ती म्हणाली, "ही विकायची नाही. ही नमुन्याची." मला अंधाऱ्या कपाटात मानाची जागा मिळाली. प्रत्येक नवी बाटली माझ्याशी ताडून पाहिली जाई. गिऱ्हाइके म्हणत, या वासाने भूक लागते. मी लावायची वस्तू की खायची, हे मला तेव्हाही कळत नव्हते.

गेल्या हिवाळ्यात मोठी तापाने आजारी पडली. बरी होऊन आल्यावर तिने पहिली बाटली भरली, तिच्यात आणि माझ्यात कागदाच्या पट्ट्या बुडवल्या, हुंगल्या. "अगदी तशीच." मला मात्र ती शेजारीण पाकात बुडालेली वाटली. पुढची त्याहून गोड. तरीही "अगदी तशीच." धाकटीने पट्टी हुंगली, बहिणीकडे पाहिले आणि काउंटर पुसायला घेतला.

मग एक बाई बाटली परत घेऊन आल्या. "अहो, हे लावून ऑफिसात बसले तर मुंग्या लागतील मला."

"ताई, व्हॅनिला जरा कमी करूया का?" धाकटीने विचारले.

"नाक माझं की तुझं? नमुनाच बिघडलाय. ओतून टाक, नव्या बाटलीला नमुना करू."

"बघू उद्या," धाकटी म्हणाली. रोज तिला दुसरेच काम निघे.

जुने परफ्यूम उतरतात हे मी ऐकले होते. मीच उतरले असेन का? झाकण घट्ट लावा, ऊन लागू देऊ नका, एवढी काळजी आम्हाला पुरते, मित्रांनो. माणसांना कोणती पुरते, मला उमगत नाही.

आज एक म्हातारे मास्तर आले. वेगवेगळे वास घेऊन नाक थकले की हुंगायला काउंटरवर कॉफीच्या बियांची वाटी असते. त्यांनी ती उचलली. "याला तर वासच नाही."

मोठीने वाटी घेऊन खोल श्वास घेतला. "असं कसं, काका? चांगला कडक वास आहे."

धाकटीनेही हुंगले. तिचा चेहरा उतरला. "चूक माझी, काका. अर्क काढून वाळवलेल्या बिया भरल्या मी. डबे शेजारी होते."

मास्तर गेले. मोठीने वाटी खाली ठेवली. मग तिने मला कपाटातून काढले, उघडले, बराच वेळ नाकाशी धरले आणि झाकण नीट फिरवून मला धाकटीच्या हातात दिले.

"ही ओतू नकोस. मलाच वास येत नाही गं, त्या तापापासून. यापुढे मिश्रण तू कर."