ठिपक्यांतलं गणित

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे, सी नावाच्या भाषेत लिहिलेला. मला ना रंग, ना आवाज, ना पडद्यावर मिरवायला चेहरा. छापलेलं गणित घ्यायचं आणि बोटांनी वाचता येईल अशा ब्रेलच्या ठिपक्यांत उतरवायचं, एवढंच मला येतं. पण तेवढं मात्र चोख येतं.

माझा जन्म अंध मुलांच्या एका शाळेत झाला. जिन्याखाली छपाईची खोली होती. जाड कागदांच्या गठ्ठ्यांतून वाट काढत आत जावं लागे. त्या काळी गोष्टींची, इतिहासाची पुस्तकं मुलांना ठिपक्यांत मिळत, पण गणिताचं नाव काढलं की सगळे हात वर करत. गोष्टीतली अक्षरं शहाण्यासारखी एकामागून एक येतात. गणितात अंश छेदाच्या डोक्यावर बसतो, घातांक कोपऱ्यात चढतो आणि वर्गमुळाचं छप्पर कुठवर पसरलंय ते फक्त डोळ्यांना दिसतं. बोटांना ते कळायचं तर छप्पर सुरू झाल्याची खूण हवी आणि संपल्याचीही.

शाळेतल्या गणिताच्या बाईंनी हे काम मनावर घेतलं. शाळा सुटली की त्या मला लिहायला बसत. शेजारी छापलेली पानं तपासणाऱ्या मावशी असत. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. पान यंत्रातून बाहेर आलं, की त्यावरून त्यांची बोटं सरसर फिरत.

"बाई, वर्गमूळ उघडलंय, पण मिटलंच नाहीये. वारा येतोय नुसता!"

"मिटते हो. जरा दम धरा."

अशी दारं मिटता मिटता मी घडलो. मग पुष्कळ वर्षं माझ्या ठिपक्यांवर मुलं बीजगणित शिकली. काही जण गणित घेऊन पुढे शिकायलाही गेले. पाहुणे यायचे, पानांवर हात फिरवायचे, वाहवा करायचे.

पुढे बाई निवृत्त झाल्या. संगणक म्हातारा झाला, कुरकुरू लागला आणि एका उन्हाळ्यात बंद पडला तो पडलाच. माझी एक प्रत कुणीतरी वेगळ्या डिस्कवर ठेवली होती. ती टेबलाच्या खणात गेली आणि तिच्याबरोबर मीही. बाईंच्या जागी आलेले सर मुलांना पुन्हा तोंडी गणित शिकवू लागले.

वर्गात एक मुलगी होती. सतत विचारायची, म्हणून मैत्रिणींनी तिचं नाव 'प्रश्नावली' ठेवलं होतं. "सर, कंसात काय होतं? आणि कंस संपला कुठे?" तिसऱ्यांदा विचारलं की वर्ग हसायचा. वर्षअखेरीला विषय निवडायचे होते. "गणित सोडते मी," ती मावशींना म्हणाली. "मला येत नाही असं नाही हो. पण ऐकलेलं डोक्यात किती साठवायचं?"

मावशी मुख्याध्यापिकांकडे गेल्या. तेव्हा शाळेत एक इंजिनिअर काम करत होता. कुठल्याही अंधशाळेने पान पाठवावं आणि ठिपके मिळवावेत, अशी वेबसाइट तो बांधत होता. काही विचारलं की "पटकन होईल!" म्हणायचा, म्हणून मुलं त्याला पटकनदादा म्हणत.

"गणितही हवं," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"पटकन होईल!"

त्याच्या सर्व्हरवरचं सगळं काम जावास्क्रिप्ट या भाषेत चालायचं. त्यातच त्याने गणित नव्याने लिहायला घेतलं. मेहनत केली, पण एक गाठ सोडवली की दुसरी बसायची. शेवटी त्याने खणातली डिस्क शोधून काढली, मला वाचलं आणि बाईंना बोलावलं.

"बाई, तुमच्या इतक्या वर्षांच्या दुरुस्त्या मी पुन्हा कधी करणार?"

"मग पुन्हा करताच कशाला? आहे तसा घ्या ना त्याला आत."

"तेच करतो. मॉड्यूल करतो याचं, म्हणजे माझ्या प्रोग्रॅमला जोडता येईल असा एक भाग."

आधी त्याने माझी जुन्या संगणकावर तयार झालेली फाइलच उचलून नेली. नव्या सर्व्हरने मला ओळखच दाखवली नाही. मग त्याने बाईंनी लिहिलेल्या मजकुरावरून मला त्या सर्व्हरसाठी नव्याने कंपाइल केलं, म्हणजे त्याला थेट समजेल अशा रूपात आणलं. माझ्या आणि जावास्क्रिप्टच्या मध्ये छोटासा दुभाषाही लिहिला. तिकडचा मजकूर तो मला कळेल असा करून द्यायचा आणि माझे ठिपके तिकडे पोहोचवायचा. मग जावास्क्रिप्टच्या एका ओळीने मला हाक मारली आणि मी कामाला लागलो. मावशींनी पान तपासलं. "मिटलंय हो सगळं!" त्या म्हणाल्या.

पण वेबसाइट सुरू झाली त्याच दिवशी एका शाळेने अख्खं बीजगणिताचं पुस्तक पाठवलं. मी मान खाली घालून ते करत बसलो आणि तोवर बाकीच्या शाळा ताटकळल्या. फोनवर फोन आले.

"गोष्टीची पुस्तकंसुद्धा उघडेनात," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "काढून टाका तो जुना प्रोग्रॅम."

पटकनदादा या वेळी 'पटकन' म्हणाला नाही. कुठलं काम कुठे अडतंय ते त्याने पडद्यावर एकेक करून तपासलं. "काम बरोबर आहे याचं," तो सावकाश म्हणाला. "जागा चुकली. दारातच मांड ठोकून बसलाय. याला आतली खोली देतो." त्याने माझं काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे मुख्य कामाला न अडवता शेजारी चालणाऱ्या धाग्यावर, नेलं. आता मी आत माझं काम करतो आणि दारातून सगळ्यांची ये-जा चालू राहते.

काही दिवसांनी वर्गात प्रश्नावलीचा हात वर गेला.

"सर, पुस्तकातलं उत्तर चुकलंय."

"ठिपके चुकले असतील, बाळ."

मावशींनी बोटं फिरवली. ठिपके बरोबर होते. सरांनी छापील पुस्तक उघडलं. वजाचं चिन्ह पुस्तकातच गळलं होतं. या वेळी वर्ग हसला नाही, त्याने टाळ्या वाजवल्या. तिने विषयांमध्ये गणित पहिलं निवडलं.

मित्रांनो, जुनं झालं म्हणून कुणाचं काम फेकून देऊ नका, आणि चालतंय म्हणून विसरूनही जाऊ नका. ते उघडून वाचा, तपासा, त्याला योग्य जागा द्या. बाई आता आठवड्यातून एकदा येतात आणि मी कसा लिहिलाय ते शिकवतात. पहिल्या बाकावर प्रश्नावली असते. परवा तिने माझ्यातही एक चूक काढली. बाईंनी खुर्ची सरकवली आणि म्हणाल्या, "ये, तूच दुरुस्त कर."