सजद्यातलं पाणी

"पाशाभाई, तुमच्या नमाजाला तोड न्हाई," मशिदीच्या पायरीवर चपला घालत किराणावाला गयासोद्दीन म्हणाला. "सजद्यात गेलात की आसू सुटतात. खाली अंथरलेली जानमाज ओली होऊन जाते."

परतूरच्या बाजारात गाद्या भरणारा पाशामियाँ आपल्या चपला शोधू लागला. डोळे तर ठणठणीत कोरडे. वाकलं की डाव्या नाकपुडीतून पाणी टपकायचं, एवढंच. पण गयासोद्दीनच्या तोंडात तीळ भिजत नाही. बाया तान्ही लेकरं दुवा पढून फुंकर घालून घ्यायला पाशामियाँकडे आणू लागल्या. खरं सांगावं तर लाज, न सांगावं तर त्याहून मोठी लाज.

"कापसाची धूळ हाय ती," बायको अकबरबी म्हणायची. "तोंडाला फडकं बांधा." बांधलं. गावच्या डॉक्टरच्या सर्दीच्या गोळ्या दोन वर्षं गिळल्या. पाणी थांबेना, वर डाव्या कानाला दडे बसले.

शेवटी सत्त्याण्णव साली औरंगाबादच्या डॉक्टरनं कानाच्या पडद्याला बारीक भोक पाडलं. आतलं साठलेलं पाणी निघून जाईल म्हणाला. निघालं, पण थांबायचं नावच घेईना. सकाळी उशी चिंब. डॉक्टरही चक्रावला. त्यानं पाणी तपासायला धाडलं, डोक्याचे फोटो काढले आणि मग खुर्ची ओढून जवळ बसला.

"चाचा, ही सर्दी नाही. मेंदूभोवती पाणी असतं, ते गळतंय. कानाच्या वरच्या हाडाला चीर पडलीय. तिथून कानात आणि कानातून नाकात. बुजवलं नाही तर जंतू मेंदूपर्यंत जातील. जिवावर बेतेल."

"पडलो न्हाई, मार लागला न्हाई. मंग फुटलं कसं?"

"कधी कधी आपोआप होतं."

पाशामियाँच्या डोक्यात काही शिरेना. मेंदूचं पाणी जानमाजवर सांडत होतं आणि लोक त्याला अल्लाची भीती समजत होते. त्याला एकच सुचलं. "ठिगळ कशाचं लावता?"

"तुमच्याच कानावरच्या स्नायूचा पापुद्रा घेऊ."

"बराबर. ठिगळ त्याच थानाच्या कापडातलं पाहिजे."

ऑपरेशन झालं. दीड महिना वाकायचं नाही, नमाज खुर्चीवर. पहिल्याच दिवशी त्यानं मशिदीत सगळ्यांना सांगून टाकलं, "ते आसू नव्हते. डोक्यातलं पाणी गळत होतं." लोक थोडे हसले. लेकरं यायची थांबली. त्याला हलकं वाटलं, आणि खोटं कशाला बोला, जरा वाईटही वाटलं.

दीड महिन्यानं, शुक्रवारी, पाशामियाँनं पहिला सजदा केला. कपाळ टेकलं. आता टपकेल. टपकलं नाही. त्या न टपकण्यानंच त्याला भरून आलं, आणि डोळे असे वाहू लागले की आवरेनात. नमाज संपल्यावर त्यानं नाकाला बोट लावून पाहिलं. कोरडं होतं.

शेजारी बसलेल्या गयासोद्दीनची नजर ओल्या जानमाजवर गेली. तो कानाशी वाकला.

"पाशाभाई, पुन्हा गळून राह्यलं का? जल्दी डाक्टरला दाखवा."

पाशामियाँनं ओली बाजू आत घेऊन जानमाजची घडी घातली.

"दाखवतो," तो म्हणाला.