थोरलीच्या पाठीमागचा पॉइंट

सुतारानं नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये भिंतभर शोकेस बसवली तेव्हा बजाबाईंनी तिला नावं ठेवली होती. "भिंतीनं काय चोरी केलीय, म्हनून तिला लाकडात कोंडताय?" असं सुताराच्या तोंडावर म्हणून झालं होतं. पण गणपती जवळ आले तसं त्यांच्या ध्यानात आलं, की टीव्हीचा मधला मोठा कप्पा थोरली आणि धाकटी अशा दोन्ही लक्ष्म्या उभ्या करायला अगदी पुरेसा आहे आणि त्याखालच्या रुंद फळीवर मालकांचा देखावा ऐसपैस मांडता येईल. टीव्ही आतल्या खोलीत गेला. शोकेस एका दिवसात गुणाची झाली.

मालक म्हणजे बजाबाईंचे नवरे, मानसिंगराव. सोलापुरात नवी पेठेत त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. एका मोडीत निघालेल्या मशीनची मोटर काढून त्यांनी पत्र्याचा हलता देखावा केला होता. एक बाई जात्यावर दळायची, दुसरी ताक घुसळायची, मागं पाळणा झुलायचा. तिथल्या जुन्या गल्लीत महालक्ष्म्या घरोघरी बसत, पण गर्दी व्हायची ती बजाबाईंच्या दारात. त्यात गंमत अशी, की देखाव्याच्या पत्र्याला बोट लावलं की हाताला झिणझिण्या यायच्या. बायका दचकून हात मागं घेत आणि पुन्हा पदर सावरून हात जोडत. "जागृत हाय," बजाबाई सांगायच्या. "ज्याचं मन साफ, त्यालाच जानवतं." मग कुणाची छाती होती नाही जाणवलं म्हणायची?

मालक गेले, जुनं घर गेलं, थोरल्या आदिनाथाच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन वर्ष झालं. मालक गेल्यापासून बजाबाईंनी लक्ष्मीला स्वतःचा हात लावला नव्हता. आपल्या हातानं आता तो मान नाही, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. मुखवटे पुसणं, साड्या नेसवणं, सोळा भाज्यांचा नैवेद्य, सगळं थोरली सून मालती करायची. बजाबाई खुर्चीत बसून चुका काढायच्या.

आणि पुण्याची धाकटी सून देवयानी गेली दोन वर्षं गोड बोलून एकच विचारत होती, "आई, लक्ष्मी आता आमच्याकडे बसवू का? तुमची दगदग वाचेल." दगदग. लक्ष्मी ज्याच्या घरी, ते घर मोठं, एवढं बजाबाईंना शाळेत न जाताही कळत होतं. लक्ष्मी पुण्याला गेली की आपण या घरात कोपऱ्यातल्या खुर्चीवरची एक म्हातारी, बाकी काही नाही. म्हणून त्यांनी औंदा जुन्या गल्लीतल्या साऱ्या बायकांना निरोप धाडला होता आणि देवयानीलाही बोलावून घेतलं होतं. "औंदाचं बगून जा," त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "मग इचार."

लक्ष्मी उभ्या करायच्या दिवशी मालती म्हणाली, "आत्याबाई, आदी देखावा चालू करून बगू का? पॉइंट ह्या कप्प्याच्या मागं हाय. थोरली उभी र्‍हायली की हात पोचनार न्हाय."

"मुहूर्त टळतोय. देवी काय तुझ्या वायरीसाटी दारात उभी र्‍हानार हाय?"

मालतीनं देखाव्याची वायर गुंडाळून बाजूला ठेवली. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी धाकटीची एक निरी सरळ करताना तिच्याकडून मूर्ती बोटभर सरकली होती. एकदा उभी केलेली लक्ष्मी तिसऱ्या दिवशी निरोप देईपर्यंत हलवायची नसते. बजाबाईंनी भरल्या घरात तिला देवीपुढं नाक घासायला लावलं होतं, आणि ती गोष्ट त्या अजूनही पाहुण्यांना चवीनं सांगत.

शेवटी गहू भरलेल्या कोठ्या कप्प्यात ठेवल्या, त्यांवर थोरली आणि धाकटी उभ्या राहिल्या, निऱ्या पंख्यासारख्या पसरून टाचण्या लागल्या. आदिनाथनं देखाव्याची पिन हातात घेतली आणि तो शोकेसमध्ये खांद्यापर्यंत घुसला. पॉइंट बरोबर थोरलीच्या पाठीमागं होता. बोटं टेकत होती, पिन जात नव्हती.

"मी म्हटलं हुतं," मालती स्वयंपाकघरात भांड्यांकडं तोंड करून पुटपुटली.

"भांड्यात बोलू नगंस. मोट्यानं बोल," बजाबाई म्हणाल्या.

आदिनाथनं स्वयंपाकघरातनं लांब वायर ओढून आणली. बटण दाबलं. दळणाऱ्या बाईनं अर्धा फेरा घेतला आणि घरातले पंखे, मिक्सर, फ्रीज सगळं एकदम गप्प झालं. दाराजवळच्या पेटीतलं बटण खाली पडलं होतं. ते वर केलं, पुन्हा पडलं.

"आई, मोटरीतच काईतरी हाय," आदिनाथ म्हणाला.

"मोटर तुज्या बापानं बांदलीय. तुज्या जल्मा आदीपास्नं चालतीय. ही तुझी वायर सुतळीवानी हाय, तिला वज्जं झेपंना. भिंतीतल्या पॉइंटातच घालायला पायजे."

वायरमन मल्लिनाथ दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मंडळांच्या कामात त्याला जेवायलाही फुरसत नव्हती, आणि ते त्यानं आल्या आल्या सांगितलं. नैवेद्य होऊन गेला होता. आदिनाथ सुपारी आणायला बाहेर पडलेला. मालती वरच्या मजल्यावरच्या बायकांना हळदी-कुंकवाचं सांगायला गेलेली. देवयानी आतल्या खोलीत साडी नेसत होती.

मल्लिनाथनं शोकेसमध्ये डोकं घालून पाहिलं. "काकू, सोपं हाय. ह्या लाइटिंगच्या माळांना ही लांब वायर बास झाली. त्या लागतील. मोटर तेवढी सोडून द्या."

"मोटर सोडली तर मग काय र्‍हायलं? माळा काय पानपट्टीवर बी लावत्यात."

"मग मोटर खोलून बगतो."

"तिला स्क्रू लावायचा न्हाय. तू भिंतीतल्या पॉइंटात घाल."

"मग ह्या देवीला जरा पुढं घ्यावं लागंल. दोन मिंटं."

"जिभंला हाड हाय का तुज्या? उबी केलेली लक्ष्मी हलवत्यात?"

"मग मी निगतो. तिकडं मंडळाचे लोक माज्या नावानं बोंबलत असतील." त्यानं पिशवी उचलली.

बजाबाईंनी खाली पाहिलं. दळणारी बाई अर्धा फेरा घेऊन थांबलेली, तिचा पत्र्याचा हात हवेत. संध्याकाळी गल्लीतल्या बायका येणार. देवयानी त्यांच्या मागं हात बांधून, हसऱ्या तोंडानं उभी राहणार.

त्यांनी जाऊन हॉलचं दार लोटलं. आतल्या खोलीच्या दाराला बाहेरनं हळूच कडी घातली. "ये," त्या म्हणाल्या. "तू कोठीला हात लाव. देवीला मी धरते. आनि बाहेर बोललास तर सोलापुरात तुला काम मिळू द्यायची न्हाय."

त्यांनी थोरलीच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली. इतक्या वर्षांनी हातांना साडीतनं तो पितळी धडाचा गारवा लागला. मल्लिनाथनं कोठी ओढली. टाचण्या सुटल्या, निऱ्यांचा पंखा मिटला, मुखवटा एका अंगाला कलला आणि कोठीच्या झाकणाखालनं मूठभर गहू फळीवर सांडले. बजाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. पिन आत गेल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

"लावतो," मल्लिनाथ म्हणाला.

जात्याचा पूर्ण एक फेरा झाला. ताकवाली पुढं वाकली. आणि सगळं घर पुन्हा गप्प झालं. आतनं देवयानीचा आवाज आला, "आई, लाइट गेली का? आणि हे दार कसं लागलं?"

मल्लिनाथ फळीपुढं वाकला, पिशवीतनं एक छोटं यंत्र काढून पत्र्याला लावलं. "वायरीचा दोष न्हाय, काकू. ह्या मोटरीतनं करंट बाहेर गळतोय, ह्या सगळ्या पत्र्यात उतरतोय. तुमच्या जुन्या घरात तसलं बटन नसंल, म्हनून चालली. हितल्या पेटीतलं बटन गळती दिसली की पडतं." मग त्याला काहीतरी सुचल्यासारखं झालं. "इतकी वर्सं कुनाला शॉक कसा बसला न्हाय? झिनझिन्या तरी आल्या असतील की."

बजाबाई थोरलीला धरून उभ्या होत्या. "न्हाय," त्या म्हणाल्या. "कुनाला काय न्हाय."

मल्लिनाथनं पिन काढून पेटीतलं बटण वर केलं. बजाबाईंनी थोरलीला मागं सरकवलं, मुखवटा सरळ केला, पडलेल्या टाचण्या हाताला लागतील तशा टोचल्या. मल्लिनाथ लांब वायरीवर माळा जोडून निघून गेला. आतल्या दाराची कडी त्यांनी काढली. "वाऱ्यानं लागली आसंल," त्या म्हणाल्या. देवयानीनं बाहेरच्या कडीकडं एकदा बघितलं आणि निऱ्या झाडत माळा पाहायला गेली.

मालती वरनं आली तशी शोकेसपुढं थबकली. थोरलीच्या निऱ्यांमध्ये तिनं स्वतः लावलेली घडी राहिली नव्हती. फळीवर गव्हाचे दाणे पडले होते. तिनं सासूकडं पाहिलं. बजाबाई खुर्चीत बसून रुद्राक्षाची माळ ओढत होत्या, आणि त्यांची बोटं एकाच मण्यावर अडकली होती. मालतीनं खाली बसून एकेक दाणा वेचला, पदरात घेतला आणि कोठीत परत घातला. मग निऱ्या पुन्हा एकेक करून लावल्या. बजाबाईंना वाटलं, हिनं नाक घासायला सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बायका आल्या. निरोप गेले होते त्यांच्या निम्म्याही नाही. नवी पेठेतनं एवढ्या लांब रिक्षा करून कोण येतं? पण पूर्वी शेजारी राहणाऱ्या दानम्मा आल्या, गुडघे धरत. माळा लखलखत होत्या. "छान सजवलंय," सगळ्या म्हणाल्या, आणि प्रत्येकीनं दळणाऱ्या बाईकडं बघून विचारलं, "फिरत न्हाय का औंदा?"

दानम्मांनी सवयीनं पत्र्याला बोट लावलं. थोडं थांबल्या. दुसरं बोट लावून बघितलं.

"काय जानवंना गं, बजाबाई. का माजंच मन साफ र्‍हायलं न्हाय?"

हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती. बजाबाईंना एका वाक्यात त्यांची काळजी दूर करता आली असती. "म्हातारपनी बोटं बधिर व्हत्यात," त्या म्हणाल्या. दानम्मा हात पुसत बाजूला झाल्या.

देवयानी खुर्चीशेजारी येऊन वाकली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. "आई, इथे तुम्हाला किती त्रास होतोय. पुढच्या वर्षी आमच्याकडे बसवू. तुम्ही पण या, पंधरा दिवस आधीच या."

याचं उत्तर बजाबाईंनी वर्षभर घोळवून ठेवलं होतं. त्यात पुण्याच्या घराच्या बंद खिडक्यांना ठेवलेली नावंही होती आणि देवयानीच्या माहेरचा उद्धारही होता. पण समोर थोरली उभी होती, आपल्या हातानं ओढलेली आणि आपल्या हातानं ढकललेली.

"घिऊन जा," त्या म्हणाल्या. "मुखवटं, साड्या, सगळं घिऊन जा."

कुंकवाचं ताट घेऊन मालती तिथंच उभी होती. देवयानी आनंदानं नवऱ्याला फोन करायला बाल्कनीत गेली, तेव्हा मालती सासूजवळ आली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"लगीन झाल्यापास्नं ह्या दोगींना मी नेसवती, मी जेवू घालती. दुपारी देवी हलली ते बी मी गिळलं, आत्याबाई, कुनाला सांगनार न्हाय. पर द्यायच्या आदी मला इचारलं असतं तर तुमचं काय गेलं असतं?"

लक्ष्मी मालतीच्याही घरातनं चालली आहे, हे त्यांच्या मनात आजवर आलंच नव्हतं. "मालते," त्या म्हणाल्या. देवयानी बाल्कनीतनं सांगत होती, की मला न्यायला येताना मोठी गाडी करून ये, सगळं यंदाच एकदम नेऊ. दारात दोन नव्या बायका चप्पल काढत होत्या. मालतीनं डोळ्याला पदर लावला, ताट सावरलं आणि हसून त्यांना आत बोलावलं.