मुकुटाची खूण

रविवारी सकाळी स्कॅनच्या खोलीत मेलेलं माणूस तपासायला आणणार, हे कळलं तेव्हा बाकीच्या दोन्ही आयांनी रजा टाकली. मावशीनं टाकली नाही.

"मेलेल्याला काय भ्यायचं?" ती म्हणाली. "जिवंत माणसं लादीवर ओकतात. मेलेलं बिचारं गप पडून राहतं."

हॉस्पिटलात तिला सगळे मावशीच म्हणत. झाडणं, पुसणं, पेशंटला मशीनच्या टेबलावर चढवणं आणि उतरवणं, अशी तिची कामं. इथं तिला अकरा वर्षं झाली होती. त्याआधीची अडतीस वर्षं ती हमाल होती. डोंगरावरच्या खाणीतली चुनखडी पाठीवरच्या टोपलीत भरायची आणि घाटानं खाली भट्टीपर्यंत आणायची. टोपलीला चामड्याचा रुंद पट्टा असायचा आणि तो डोक्यावरून घ्यायचा. खांद्याला काही नाही, सगळा भार टाळूवर. आठव्या वर्षी पट्टा तिच्या डोक्यावर चढला. खाणीपर्यंत ट्रकचा रस्ता झाला तेव्हा, सेहेचाळिसाव्या वर्षी, तो उतरला.

संग्रहालयाच्या गाडीतून आलं ते माणूस कसलं, गाठोडंच होतं. जुनाट कापडात गुडघे पोटाशी घेऊन बांधलेलं. घाटाच्या वरच्या अंगाला एका कोरड्या कपारीत सापडलेलं, हजार वर्षांपूर्वीचं. सोबत संग्रहालयाचे मोठे साहेब आणि एक तरुण संशोधक मॅडम. मॅडम गाठोड्याला असा हात लावत होत्या, जसं बाळंतिणीच्या हातातून मूल घेतंय कुणी.

"एवढं आणलंय तर सोडून का बघत नाही?" मावशीनं विचारलं.

"कापड आणि कातडी एकमेकांना चिकटलीत, मावशी. सोडायला गेलं की चुरा होईल," मॅडम म्हणाल्या. "या मशीनला गाठ सोडावी लागत नाही. काकडीच्या चकत्या कराव्यात तशा ते आतल्या चकत्या दाखवतं, पण काकडी अख्खीच राहते. मग त्या चकत्या एकावर एक रचायच्या की सबंध सांगाडा पडद्यावर उभा राहतो. फिरवा, उलटा करा, तिला काही दुखत नाही."

"तिला?"

"बाई आहे. कंबरेच्या हाडावरून कळतं. पस्तिशीची असेल. गळ्यात मणी आहेत, पहिल्याच चकत्यांत दिसले आत्ता."

मशीन चालवणारा टेक्निशियन, ज्याला सगळे भाऊ म्हणत, काचेमागं बसला होता. या माणसाच्या जिभेला हाड नव्हतं. "चला, एक तरी पेशंट असा मिळाला, जो श्वास रोखून धरा म्हटल्यावर खरंच धरतो," तो म्हणाला.

पडद्यावर कवटी आली. भावानं ती सावकाश फिरवली. टाळूवर, कपाळाच्या जरा मागं, एका कानाच्या बाजूकडून दुसऱ्या कानाकडे जाणारा उथळ खळगा दिसत होता. ओल्या मातीवरून बोट फिरवावं तसा.

साहेब उठून उभेच राहिले. "मुकुट! जड मुकुट वर्षानुवर्षं घातल्याची खूण. आणि मणी! मॅडम, आपल्याला राणी सापडली आहे!"

मावशी दाराशी फडकं पिळत होती. तिला हसू फुटलं. तोंडावर पदर घेतला तरी ते आवरेना.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब. पण मुकुट डोक्याच्या भोवतीनं बसतो ना? मग खूण भोवतीनं नको का पडायला? ही तर आडवी आहे, नुसती वरून. हा पट्टा आहे. ही हमाल आहे, आमच्यातली."

भावानं शीळ घालायला ओठ केले आणि साहेबांकडे बघून मिटले.

"मावशी," साहेब समजुतीनं म्हणाले, "हमालाच्या गळ्यात मणी कुठून येणार?"

"का? हमालाला गळा नसतो?"

मॅडम हसल्या नाहीत. त्या पडद्याकडे बघत होत्या. "मानेचे मणके झिजलेत खरे," त्या हळूच म्हणाल्या. "मी वयामुळे असेल असं धरलं होतं."

"आणि गुडघे बघा तिचे," मावशी फडकं बादलीत टाकून पुढं आली. भावानं चित्र खाली सरकवलं. गुडघ्याच्या हाडांना काठानं काटे फुटले होते. "पस्तिशीची राणी, आणि गुडघे साठीचे? राणी काय जिने झाडत होती? बरं, आता वर चला. टाळूचा खळगा डावीकडे जास्त खोल असणार. मोजा."

"कशावरून?"

"भट्टीपासून वर घाटाकडे बघितलं तर कळेल तुम्हाला. भरली टोपली घेऊन उतरताना डोंगर उजव्या हाताला असतो, दरी डाव्या. माणूस अंग डोंगराकडे कलतं ठेवतं, मग पट्टा डाव्या बाजूला चावतो. आमच्यात पोरीला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. दरीला पाठ दाखवू नकोस आणि डोंगराला लावलेला खांदा काढू नकोस. घाट तोच आहे साहेब, हजार वर्षांत तो काही उलटा झाला नाही."

भावानं मोजलं. डावी बाजू दोन मिलिमीटर जास्त खोल होती.

"मुकुट जरा वाकडा घालत असेल," साहेब म्हणाले.

"वीस वर्षं वाकडा घातला? आणि दरबारात एकानंही सांगितलं नाही तिला?"

भाऊ काचेमागं खाली वाकला. काहीतरी पडलं म्हणे त्याचं.

मावशीनं डोक्यावरचा पदर मागं केला, अंबाडा सोडला, केस दोन्ही हातांनी दुभागले आणि मॅडमपुढं मान वाकवली. "बोट फिरवा."

मॅडमनी फिरवलं. एकदा, मग परत एकदा. त्यांचा हात तिथंच थांबला.

"हे चाचपणं झालं," साहेब म्हणाले. "चाचपून शास्त्र होत नाही."

"मग मशीननं चाचपा की! ते काय नुसतं मेलेल्यांसाठी आहे?"

साहेबांना राग आला. पण तो त्यांनी आवाजात येऊ दिला नाही. "तुम्हाला एवढं का लागतंय, मावशी? राणी म्हटलं तर तिचा मानच वाढतो ना?"

मावशी केस बांधता बांधता थांबली. "माझी आई त्या घाटातल्या तिसऱ्या वळणावर गेली, टोपलीसकट. खाणीच्या वहीत टोपल्या लिहायचे, माणसं नाही. त्या दिवशी एक टोपली कमी लिहिली, संपलं. आम्ही एवढ्या बायका जन्मभर वर-खाली केलं, आणि आम्ही होतो याचा कुठं एक कागद नाही. इतक्या वर्षांनी आमची एक बाई डोंगरातून अख्खी निघाली. आणि तुम्ही तिलाही राणीच्या नावावर चढवता? तिचा मान नाही वाढत साहेब. आमची हाडं चोरीला जातात."

साहेब घड्याळ बघून निघून गेले. मॅडम मात्र गेल्या नाहीत.

एका डोक्यावरून काही सिद्ध होत नाही, हे त्यांनीही मावशीला सांगितलं. पण त्यांनी ते वेगळ्या सुरात सांगितलं. जिवंत माणसाला उगीच मशीनखाली घालता येत नाही, त्याला परवानगी लागते. मॅडमनी अर्ज केला, समितीपुढं दोनदा उभ्या राहिल्या, आणि पाच आठवड्यांनी कागद आला. मावशी धरून नऊ बायकांची तपासणी करता येईल.

बाकीच्या आठ जणी जमवणं मावशीच्या डाव्या हातचा मळ होता. रविवारी सकाळी त्या एकीमागं एक आल्या. घाटात चालायच्या तशाच, रांगेनं, अंतर ठेवून. सगळ्यात म्हातारी होती ती मावशीची चुलती. ब्याऐंशी वर्षांची, दात नव्हते पण जिभेला धार होती.

"डोकं तेवढं बघणार ना?" चुलतीनं भावाला विचारलं. "आतलं काय दिसत नाही ना?"

"आतलं म्हणजे काय, आजी?"

"मी सुनेबद्दल काय विचार करते ते."

"ते बघायला अजून मशीन निघालं नाही."

"निघू पण देऊ नका. घरं मोडतील."

दुपारपर्यंत सगळ्यांची डोकी झाली. नऊच्या नऊ टाळूंवर तोच आडवा खळगा. आठ जणींचा डावीकडे खोल. पण चुलतीचा उजवीकडे.

मॅडमचा चेहरा उतरला. "आठ जुळतात. एक नेमकं उलटं आहे. साहेब याच एकीवर बोट ठेवतील."

मावशीनं पडद्याकडे बघितलं, मग चुलतीकडे, आणि कपाळावर हात मारला. "माझंच चुकलं. मी मेली हिला आमच्यातच धरून चालले! काकी, तू लग्नाआधी कुठं वाहत होतीस?"

"कुठं म्हणजे? माहेरच्या खाणीत. पलीकडच्या अंगाला. सातव्या वर्षापासून ते पंचविशीपर्यंत. इकडं आल्यावर तर मी भट्टीवरच होते, वाहिलं कुठं?"

"आणि तिकडं उतरताना डोंगर कुठल्या हाताला?"

चुलतीनं डोळे मिटले. बसल्या जागी तिचं अंग आपसूक एका बाजूला कललं. "डाव्या," ती म्हणाली.

मॅडम खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "मावशी, आठ जणींनी जे सांगितलं नसतं, ते या एकीनं सांगितलं. डोंगर बाजू बदलतो तसा खळगाही बदलतो." आणि लिहायला लागल्या.

अहवाल चाळीस पानांचा झाला. नऊ जिवंत डोकी आणि दहावं हजार वर्षांपूर्वीचं, शेजारी शेजारी चित्रं आणि मापं. मॅडमनी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला. चार दिवसांनी त्या स्कॅनच्या खोलीत आल्या आणि पेशंटच्या बाकावर बसल्या.

"अहवाल उत्तम आहे म्हणाले. पुढच्या वर्षी छापू म्हणाले. पण शनिवारी दालन उघडतंय आणि पाटी भिंतीवर लागलीसुद्धा. 'डोंगरातील राणी.' लोक राणी बघायला येतात म्हणे, हमाल बघायला कोण येणार? फार तर 'राणी असावी' असं करू, म्हणाले."

"असावी!" मावशी म्हणाली. "मॅडम, तुम्ही कागदानं करायचं ते केलंत. आता आम्हाला पायानं करू द्या."

शनिवारी संग्रहालयाच्या दालनात गर्दी होती. काचेच्या पेटीत गाठोडं, वर पिवळा दिवा, भिंतीवर पितळी पाटी. शेजारच्या पडद्यावर कवटी सावकाश फिरत होती. ती मॅडमनी लावली होती, तेवढं त्यांच्या हातात होतं. नऊ बायका रीतसर रांगेत उभ्या राहून आत आल्या आणि पेटीच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. घोषणा नाही, आरडाओरडा नाही.

एक गृहस्थ बायकोला वाचून दाखवत होते, "टाळूवरील खळगा हा मुकुटाच्या भारामुळे..."

"दादा," मावशी म्हणाली, "मुकुटाचा खळगा बघायचाय? बोट लावून बघा." आणि तिनं पदर मागं करून मान वाकवली.

गृहस्थ गोंधळले. बायको मात्र पुढं झाली. तिनं बोट फिरवलं, पडद्यावरच्या कवटीकडे बघितलं, परत बोट फिरवलं. "अहो," ती म्हणाली, "तेच आहे हे!"

मग दुसरी आली, तिसरा आला. नऊ पांढरी डोकी वाकली होती आणि लोक ओळीनं हात लावत होते. चुलती प्रत्येकाला सांगत होती, "माझं उजवीकडे आहे हं, घाई करू नका, नीट बघा." पाटी आता कुणी वाचत नव्हतं.

साहेब पाहुण्यांना सोडून धावत आले. "हे काय चाललंय?"

"काही नाही साहेब. राणी म्हणता ना? तिच्या बहिणी भेटायला आल्यात. आम्ही पण राण्याच की मग. बसायला खुर्च्या सांगा."

लोक हसले. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते तिच्याजवळ येऊन हळू म्हणाले, "तुमच्या हॉस्पिटलच्या अधिष्ठात्यांना मी ओळखतो."

"मीही ओळखते," मावशी हळू नाही, मोठ्यानं म्हणाली. "त्यांची केबिन मीच पुसते. सांगा त्यांना, काढून टाका म्हणावं. चुनखडीच्या टोपलीला भ्याले नाही, फडक्याला भिईन? ती पाटी उतरेपर्यंत आम्ही इथून हलणार नाही. आणि उभं राहण्यात आमचा हात कुणी धरेल असं मला वाटत नाही."

साहेबांनी पहारेकऱ्याला खूण केली. पहारेकरी दोन पावलं आला. चुलतीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो तिसरं पाऊल टाकायचं विसरला.

तेवढ्यात मॅडम पुढं आल्या. त्यांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. त्यांनी एक स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि कुणाला न विचारता पाटीचा पहिला स्क्रू फिरवायला लागल्या.

"मॅडम, नोकरीचा विचार करा," साहेब म्हणाले.

"करतेय सर. मोजमाप माझं आहे, खाली सही माझी आहे. खोट्या पाटीखाली मी ती राहू देणार नाही." दुसरा स्क्रू निघाला. तिसरा गंजलेला होता, हात घसरला, बोटातून रक्त आलं. त्यांनी बोट तोंडात घातलं आणि स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा लावला. चौथा निघाला तेव्हा पाटी मावशीनं खालून झेलली. पितळ जड होतं. तिनं ती भिंतीला टेकवून, अक्षरं आत करून ठेवली.

साहेब एवढ्या लोकांसमोर काय करणार? "नवी पाटी करायला पंधरा दिवस लागतील," ते शेवटी म्हणाले. "तोवर लोकांना कळणार कसं ही कोण आहे ते? भिंतीला काय चार भोकं दाखवू?"

"पंधरा दिवस ना?" मावशीनं बायकांकडे बघितलं. बोटांवर हिशेब झाला. सकाळी तिघी, दुपारी तिघी, संध्याकाळी तिघी. मावशी हॉस्पिटलातून सुटल्यावर संध्याकाळी येणार; रविवारी तिला सुटका नव्हती, तेव्हा तिच्या जागी चुलती दोन पाळ्या करणार होती.

एक बाई शाळकरी मुलीचं बोट धरून पेटीपुढं आली. मुलीनं रिकाम्या भिंतीकडे बघितलं, मग मावशीकडे.

"ही कोण आहे?"

"ये इकडं," मावशी म्हणाली आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून तिच्याएवढी खाली झाली. "ही आमच्यातली आहे. डोंगर उजव्या हाताला ठेवून चालायची. सांगते तुला."