पाचवी खाच

कल्याणच्या एका कॉलेजात मी जीवाश्मांची चित्रं काढते. या वेळी कच्छहून आलेल्या दगडात कोट्यवधी वर्षांपूर्वीचा एक चपटा, गोल समुद्री प्राणी होता. तो कोणत्या गटातला, हे कुणालाच उमगत नव्हतं. आमच्या विभागाच्या खांबेटे सरांनी मात्र ठरवूनच टाकलं, ही जेलीफिश. जेलीफिशचं अंग चार भागांत विभागलेलं असतं, तारामाशाचं पाच. माझ्या चित्रात खाचा पाच होत्या, म्हणजे हा तारामाशाच्या कुळातला.

"रुचिताताई, पाचवी ती भेग आहे. खोडून टाका, जर्नलला पेपर उद्या पाठवायचाय."

"भेग असती तर बाजूच्या दगडातही गेली असती, सर. ही प्राण्याच्या कडेलाच थांबते."

सर हसले. "रोज देवापुढे रांगोळीने तेहतीस गोपद्मं काढता ना? सवयीने एक जास्त निघाली असेल!"

भोवती उभे असलेले विद्यार्थीही हसले. माझे कान तापले. व्रताची चेष्टा मी गिळली असती. पण त्या मुक्या जिवाला परक्या कुळात ढकलायचं, आणि तेही माझ्या हाताने?

"तेहतीसाची चौतीस झाली, तर मी सगळी पुसून पुन्हा काढते, सर. इथेही तीनदा मोजलंय. चार हव्या असतील तर तुम्ही काढा, आणि खाली नाव तुमचं घाला."

मी पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली. सरांनी भिंग उचललं आणि बराच वेळ वाकून पाहिलं.

"आज उपास असेल तुमचा. जा घरी, उद्या बघू."

"पेपर उद्याच जायचाय ना?" मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.