राखेनं घासलेल्या पटाश्या

उमादेवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि बोलायची मात्र सोय नव्हती. देवासमोरच्या पाटावर लाकूड कोरायच्या तिच्या पाचही पटाश्या मांडलेल्या. वर विभूती, कुंकू, झेंडूची फुलं. आणि चकाकत तर अशा होत्या, जशी रुखवतातली भांडी! सासूबाईंनी, म्हणजे लक्ष्मीबाईंनी, पहाटे उठून राखेनं आणि तारेच्या घासणीनं त्या खसाखसा घासल्या होत्या. खंडेनवमीला हत्यारं पुजायची तर मळकी कशी ठेवायची?

अहो, पण धार! प्रत्येक पटाशीच्या टोकाला पांढरी रेघ चमकत होती. धार शाबूत असली की ती रेघ दिसत नाही, एवढं उमाला आता कळत होतं.

उदगीरच्या सिद्रामप्पा सुतारांकडे ती उठावाची नक्षी शिकत होती. पहिल्या दिवशी तिनं ऑनलाइन मागवलेला बारा पटाश्यांचा डबा मोठ्या ऐटीत उघडला, तर म्हातारा म्हणाला, "बाई, ह्या बारा न्हाईत. एकच हाय, बारा डाव इकत घेतल्याली." मग लोहाराकडून त्यांनी पाच निवडून दिल्या. एक सपाट, तीन कमीजास्त गोल, एक टोकदार. आणि महिनाभर लाकडाला हात लावू दिला नाही. दगडावर तेल सोड, पटाशी घास, चामड्यावर फिरव, हातावरचा केस उतरतो का बघ. "नक्षी कधी, अप्पा?" विचारलं की म्हणायचे, "हे करायलीस ना, हीच नक्षी." डोंबलाची नक्षी!

उद्या दसऱ्याला मठाच्या नव्या दरवाजाचं काम सुरू होणार होतं. "सकाळी येऊन तासाभरात कमळ काढून दाखव," अप्पा म्हणाले होते. "जमलं तर एक फळी तुझी." चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा कुणी तिला खरं काम देऊ करत होतं. आणि पाच पटाश्यांना नव्यानं धार लावायची तर अख्खा दिवस हवा.

"आत्या, ह्या जरा उचलू का? धार लावायची हाय," तिनं सासूबाईंना विचारलं.

"अगं बया! मांडल्याली पूजा हालवती का? उद्या आरती झाल्यावर घे." आणि शेजारणीकडे वळून लक्ष्मीबाई म्हणाल्या, "माझ्या सुनेची हत्यारं हायत ही. आमच्या मालकाच्या तराजूशेजारी मांडली म्या."

ह्याच सासूबाई तीन महिने टोमणे मारत होत्या, बाईमाणूस ठाकठूक करायलंय म्हणून. आज कौतुक सुचलं, तेही आजच! उमाचा पुढे गेलेला हात मागे आला. दिवसभर ती धुसफुसत पुरणपोळ्या लाटत राहिली.

दसऱ्याला आरती झाल्याबरोबर त्याच पटाश्या घेऊन ती अप्पांकडे गेली, आणि पहिल्याच पाकळीला सागवानाचे तंतू फाटले. दुसऱ्या पाकळीचा टवकाच उडाला. सिद्रामप्पांनी पटाशी उजेडाकडे धरली.

"धार कुणी मोडली?"

"माझ्याच घरात मोडली, अप्पा."

"ज्याचं हत्यार, त्याची धार," ते म्हणाले आणि ती फळी त्यांनी भागवतला, दुसऱ्या शिकणाऱ्याला, दिली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

घरी लक्ष्मीबाई ओवाळायचं ताट घेऊन दारातच उभ्या. "हत्यारं चालली का गं झकास? पुढच्या साली बी म्याच घासून देईन."

"न्हाई!" उमा एवढ्यानं ओरडली की ताटातला दिवा हलला. "राखेनं घासून माझी धार घालवली तुम्ही. काम गेलं माझं, आत्या! एवढ्या वर्षांत एक मिळालं होतं, तेही गेलं!" आणि उंबऱ्यावर बसून ती ढसाढसा रडली.

लक्ष्मीबाईंनी ताट खाली ठेवलं. तोंड एवढंसं झालेलं.

"धार अशी जाती, हे मला कुणी सांगितलं व्हतं का गं?"

उमाचं रडणं थांबलं. तीन महिने ती टोमणे नकोत म्हणून कपाटाआड बसून धार लावत होती, कुणी यायची चाहूल लागली की पटाशी पदराखाली घालत होती. तिनं कुणालाच काही सांगितलं नव्हतं.