कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत

पेंटरच्या बायकोने चौदा वर्षं लोकांच्या भिंती घासल्या, पण रंगाचा शेवटचा हात तिने कधी मारला नव्हता. पुट्टी तिची, पॉलिश पेपर तिचा, नाकातोंडात जाणारी पांढरी धूळही तिचीच. शेवटचा हात मात्र नवऱ्याचा, आणि "काय भिंत झालीय!" हे ऐकून घ्यायलाही तोच पुढे. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर माणूस कामाला चोख. त्यामुळे तिला धड भांडताही येत नसे.

मग त्याचा उजवा खांदा धरला. दोन महिने हात वर करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हा निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या दिवाणखान्याची मोठी भिंत पहिला हात लागून तयार होती.

"दुसऱ्या कुणाला तरी बोलावतो," नवरा म्हणाला.

"का? मी काय मेलेय?"

"अगं, शेजारी खिडकी आहे. उजेड आडवा पडतो. केसाएवढं काही राहिलं तरी डोळ्यांत येईल."

"मग ती गुळगुळीत केली कुणी?"

तिला एक पक्कं कळलं होतं: आज या भिंतीवर तिसरा कुणी आला, तर आपण म्हातारपणापर्यंत घासतच राहणार.

सकाळी तिने पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि रंग फडक्यातून गाळून घेतला. डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. रोलर वरून खाली, आणि आधीच्या पट्ट्याची कड ओली आहे तोवर पुढचा पट्टा तिच्यावर चढवायचा. मध्ये पाणी प्यायलाही थांबायचं नाही, नाहीतर जोड दिसतो. नवरा उपड्या बादलीवर बसून पाहत होता. ती भिंतीच्या मध्याच्या पुढे गेली आणि त्याला मागे, स्विचबोर्डाजवळ, रंग जरा पातळ वाटला. स्वभावाला औषध नाही! त्याने डाव्या हाताने ब्रश बुडवला आणि अर्धवट वाळलेल्या रंगावर दोनदा फिरवला.

ती वळली तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"हे काय केलंत?"

"जरासं राहिलं होतं गं."

"वाळल्यावर आपोआप एकसारखं झालं असतं! अर्धवट वाळलेल्याला बोट लावू नको, हे मला कुणी शिकवलं?"

दुपारी भिंत वाळली. तळहाताएवढा चट्टा उजेडात चकाकत होता. नवऱ्याचा चेहरा पडला.

"तिथे कपाट येणार आहे," तो हळूच म्हणाला.

"कपाटामागे असला तरी चट्टा तो चट्टाच. उद्या दिसला की म्हणतील, बायकोच्या हाती ब्रश दिला की असंच व्हायचं. तुमचं नाव कुणी घेणार नाही." तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. "उद्या अख्खी भिंत पुन्हा करणार. आणि तुम्ही जिन्यात बसायचं."

दुसऱ्या दिवशी तिने चट्टा घासला, भिंत पुसली आणि पुन्हा डाव्या कोपऱ्यापासून धरली. दंड भरून आले. रंगाचा थेंब मानेवरून आत उतरला, तरी तिने रोलर सोडला नाही. जिन्यातून दोनदा "कुठवर आलं?" असं ऐकू आलं. तिने ओ दिली नाही. उजवा कोपरा आला तेव्हाच ती खाली बसली.

संध्याकाळी बाई आल्या. भिंतीला गाल लावतात की काय इतक्या जवळून त्यांनी खिडकीच्या बाजूने पाहिलं. चेहऱ्यावरून ताकास तूर लागेना. तिचा जीव टांगणीला लागला. शेवटी बाईंनी चष्मा काढला.

"माझ्या घरात इतकी एकसारखी भिंत मी पहिल्यांदा पाहतेय," त्या म्हणाल्या. "पेंटर, आतल्या दोन खोल्या कधी घेता?"

नवऱ्याने भिंतीवरून नुसती नजर फिरवली. हात मागेच बांधलेले होते.

"मला काय विचारता बाई? तिला विचारा. तिने येऊ दिलं, तर मी डाव्या हाताने बादल्या उचलेन."

बाई वाट पाहत होत्या, आणि नवराही.

"सोमवारपासून," ती बाईंना म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "तुम्ही या. पण ब्रश घरी ठेवून."